शीख समाजातील धर्माचरण : घसरण नेमकी कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत साच्यावर काम करणारा माणूस. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, माणसांना विचारून जे कळले, ते तुमच्यापुढे ठेवणार आहे. विषय फळ्यावर लिहिल्यापासून दोघा-तिघांनी मला हटकले, "दादा, बुद्धविहारात शिखांचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधी देतो.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर त्यांनी ज्या धर्मांचा गंभीरपणे विचार केला त्यात शीख धर्म होता. एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरला शीख मिशनरी परिषद भरली, तिला बाबासाहेब हजर राहिले. त्या काळातल्या संबंधांतून १९३७ साली मुंबईत माटुंग्याला गुरु नानक खालसा कॉलेज उभे राहिले. पुढे बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही, १९५६ ला नागपूरला धम्माचा मार्ग घेतला. पण ज्या घराचा उंबरा आपल्या बापाने एकदा निरखून पाहिला, त्या घरात पुढे काय झाले हे लेकरांनी माहीत करून घ्यायला नको का?

तर आज पंजाबातील जाणती शीख मंडळी एक गोष्ट सारखी बोलून दाखवतात. आमची पोरं केस कापतात, पगडी सोडतात, पाठ करीत नाहीत, नशेच्या नादी लागतात. धर्म बुडत चालला. ही तक्रार खरी आहे का, असली तर का, आणि घसरण नेमकी कुठे आहे, एवढेच आज पाहायचे आहे.

आधी शिखाचे आचरण म्हणजे काय ते समजून घेऊ. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी खालसा स्थापला. पाच जणांना अमृत दिले, ते पंज प्यारे. ते कोण होते बघा. एक लाहोरचा खत्री, एक हस्तिनापूरकडचा जाट, एक जगन्नाथपुरीचा पाणक्या, एक द्वारकेचा शिंपी आणि एक बीदरचा न्हावी. बीदर म्हणजे आपल्या मराठवाड्याला लागून. पाचांना एकाच वाडग्यातून अमृत पाजले आणि मग गुरूंनी स्वतः त्यांच्याच हातून अमृत घेतले. ज्या देशात कुणाच्या हातचे पाणी चालते यावर माणसाची किंमत ठरत होती, तिथे हे घडले. केस, कंगा, कडा, कछेरा आणि किरपाण ही पाच चिन्हे त्या खालशाची.

अमृत घेतलेल्या शिखाला रोजचा पाठ असतो. सकाळी जपजी आणि इतर बाण्या, संध्याकाळी रहिरास, निजताना सोहिला. चार गोष्टी सक्त मना आहेत. त्यात केस कापणे आहे आणि तंबाखूही आहे. कमाईचा दहावा हिस्सा काढायचा, त्याला दसवंध म्हणतात. आणि सगळ्याच्या मुळाशी तीन शब्द : कष्ट करून खा, नाम जप, वाटून खा. ही सगळी आचारसंहिता, म्हणजे रहित मर्यादा, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली पक्की केली.

सगळेच शीख अमृत घेतात असे नाही. पुष्कळ जण नुसते केस राखतात, त्यांना केशधारी म्हणतात. काही केस न राखताही गुरूंना मानतात, ते सहजधारी. आणि ज्याने केस राखून मग कापले त्याला म्हणतात पतित. हा शब्दच बघा किती जड आहे. आपल्याच पोराला "पतित" म्हणताना त्या बापाला काय वाटत असेल?

आमच्या गिरणीत रुईच्या गाठी घेऊन पंजाबी ट्रकवाले यायचे. गाडी खाली होईपर्यंत फाटकाजवळ चहा व्हायचा. त्यातल्या एका वयस्कर सरदारजींना मी सरळच विचारले, "बाबाजी, तुमची पोरं केस का कापतात?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "माझ्या पोरानं कापले तेव्हा त्यानं आधी मला विचारलं होतं, का राखायचे? मी म्हणालो, आपल्यात राखतात म्हणून. मला तेवढंच येत होतं." मित्रहो, जाड पुस्तकात सापडले नसते ते कारण या माणसाने एका वाक्यात सांगितले. "आपल्यात करतात म्हणून" एवढ्यावर धर्म एक पिढी चालतो. दुसरी पिढी प्रश्न विचारते.

पण कारणे एवढीच नाहीत. सगळा दोष पोरांच्या फॅशनवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. १९८४ चा नोव्हेंबर आठवा. इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ शीख मारले गेले. पगडी आणि दाढी पाहून माणसे ओळखली आणि जाळली. त्या दिवसांत कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी केस कापले, आयांनी स्वतःच्या हाताने मुलांचे केस कापले. त्यांना पतित म्हणायचे कुणी? जिथे चिन्ह अंगावर घेऊन रस्त्यावर निघणे म्हणजे मरण, तिथे चिन्ह टाकले तर दोष टाकणाऱ्याचा नाही, मारणाऱ्याचा आहे.

आणि याच्या उलटही झाले आहे. कामगारांनी ही गोष्ट मुद्दाम ऐकावी. १९६७ साली इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन शहरात एक शीख बसचालक पगडी बांधून, दाढी राखून कामावर आला. बस खात्याने त्याला घरी पाठवले. नियम म्हणजे नियम. दोन वर्षे तो झगडा चालला, मोर्चे निघाले आणि १९६९ ला बंदी उठवावी लागली. १९७६ साली तिथल्या पार्लमेंटने पगडीवाल्या शिखाला मोटारसायकलवर हेल्मेटची सक्ती नाही असा कायदा केला. १९८३ साली पगडीमुळे शाळेत प्रवेश नाकारलेल्या मुलाच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. परक्या मुलखात, पोटासाठी गेलेल्या माणसांनी डोक्यावरचे पाच मीटर कापड सोडले नाही. त्यांना का राखायचे हे माहीत होते. लढून मिळवलेली वस्तू माणूस जपतो.

मग पंजाबात, स्वतःच्या गावात, जिथे कुणी अडवत नाही, तिथेच ती का सुटते?

एक कारण असे की धर्म भाड्याने करून घ्यायची सवय लागली. गुरु ग्रंथसाहिबाची पाने १,४३०. अखंड पाठ म्हणजे न थांबता सगळा ग्रंथ वाचायचा, साधारण अठ्ठेचाळीस तास लागतात. नवे घर, लग्न, परदेशचा व्हिसा, काही असले की अखंड पाठ लावतात. पण वाचायला पगारी माणसे आणतात. आतल्या खोलीत पाठ चालू आणि बाहेर मांडव, जेवणावळ, पाहुण्यांची सरबराई. ऐकायला कुणी नाही. रहित मर्यादेत स्पष्ट लिहिले आहे की पाठ शक्यतो घरच्यांनी, नातेवाइकांनी, मित्रांनी करावा. वाचता येत नसेल तर बसून ऐकावा. वाचणारा एकटाच वाचतो आहे आणि घरातले कुणी ऐकत नाही, असे कधीही होऊ नये. लिहून ठेवले आहे, पण पाळतो कोण? ज्या पोराने लहानपणापासून पाहिले की पाठ ही पैसे देऊन करून घ्यायची गोष्ट आहे, तो पोर मोठेपणी पैसे देईल, पाठ करणार नाही.

याला जोडूनच भाषा. ग्रंथ गुरुमुखी लिपीत आहे. शहरातले सुखवस्तू आईबाप मुलांशी हिंदी-इंग्रजीत बोलू लागले. पंजाब सरकारला २००८ साली कायदा करून शाळेत दहावीपर्यंत पंजाबी सक्तीची करावी लागली. स्वतःच्याच राज्यात स्वतःची भाषा कायद्याने शिकवावी लागते! जे पोराला वाचता येत नाही ते त्याच्या मनात उतरणार कसे? उलट परदेशातले कित्येक गुरुद्वारे सुटीच्या दिवशी मुलांना गुरुमुखीचे वर्ग घेतात. तिथे सतरंजीवर बसून एकेक अक्षर गिरवणारी पोरे आहेत.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो त्या मुद्द्याकडे येतो. केस कापलेले चारचौघांत दिसतात. पण आणखी एक गोष्ट कापली गेली, ती दिसत नाही. ती म्हणजे समता.

१२ ऑक्टोबर १९२० ची गोष्ट. अमृतसरला अस्पृश्य मानलेल्या जातींतील लोकांनी खालसा बिरादरीच्या मेळाव्यात अमृत घेतले आणि कडाहप्रसाद घेऊन ते सुवर्णमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद घ्यायला नकार दिला. वाद झाला. खालसा कॉलेजचे प्राध्यापक आणि इतर सुधारक या लोकांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी ठरले की ग्रंथालाच विचारायचे. ग्रंथसाहिब उघडला, जे पद निघाले ते यांच्या बाजूने निघाले. प्रसाद घ्यावा लागला. मग हीच मंडळी अकाल तख्ताकडे गेली तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेले! त्या दिवसापासून जी चळवळ पेटली तिच्यातून महिनाभरात, १५ नोव्हेंबर १९२० ला, शिरोमणी कमिटी स्थापन झाली आणि १९२५ साली गुरुद्वारा कायदा झाला. माझ्या भावांनो, नीट ध्यानात घ्या. आज धर्माचरणाचे नियम जी कमिटी सांगते, तिचा जन्मच अस्पृश्यांच्या हातचा प्रसाद घ्यायचा की नाही या भांडणातून झाला आहे.

आणि पुढे? पंजाबात देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा अनुसूचित जातींचे प्रमाण जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत ते जवळजवळ ३२ टक्के होते. मजहबी, रामदासिया, रविदासिया हे बहुतेक भूमिहीन, जाटांच्या शेतावर राबणारे. कितीतरी गावांत त्यांचे गुरुद्वारे वेगळे, स्मशाने वेगळी. १९५० साली अनुसूचित जातींची यादी निघाली तेव्हा शिखांतल्या चार जातींचा तीत समावेश करून घ्यावा लागला आणि १९५६ ला सगळ्या शीख दलितांचा. आपल्या बौद्धांना तो हक्क मिळायला १९९० उजाडले, हे आपल्याला ठाऊकच आहे. सवलत मागितली यात गैर काही नाही. पण त्यातून एक कबुली मिळाली की ग्रंथात जात नाही, गावात आहे.

२००३ साली जालंधरजवळच्या तल्हण गावात काय झाले? दलितांनी गुरुद्वाऱ्याच्या व्यवस्थापन कमिटीत जागा मागितली. तर त्यांच्यावर बहिष्कार टाकला. महिनोन्‌महिने तो चालला, जूनमध्ये दंगल झाली आणि मग कुठे तडजोड होऊन प्रतिनिधी घेतले गेले. मे २००९ मध्ये ऑस्ट्रियात व्हिएन्नाला रविदास समाजाच्या गुरुद्वाऱ्यात हल्ला झाला. डेरा सचखंड बल्लांचे संत रामानंद मारले गेले. पंजाब पेटला. आणि ३० जानेवारी २०१० ला वाराणसीत त्या डेऱ्याच्या अनुयायांनी वेगळ्या रविदासिया धर्माची घोषणा केली, स्वतःचा वेगळा ग्रंथ केला. संत रविदासांची वाणी गुरु ग्रंथसाहिबात आहे. आपल्या नामदेवांचीही आहे, ६१ पदे. पंजाबातल्या घुमान गावी नामदेव राहिले, तिथे २०१५ ला मराठी साहित्य संमेलनही झाले. ज्यांची वाणी ग्रंथात डोक्यावर घेतली, त्यांचीच माणसे दारातून बाहेर पडली. याहून मोठी घसरण कोणती? पण "पतित" हा शब्द केस कापणाऱ्या पोराला लावतात. तल्हणला बहिष्कार टाकणाऱ्यांना तो कुणी लावला?

वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती वाचा. शीख वर, शीख वधू, आणि पुढे जात. जाट वेगळा, रामगढिया वेगळा, खत्री वेगळा. परदेशातल्या गुरुद्वाऱ्यांवरही जातीच्या नावाच्या पाट्या आहेत. रहित मर्यादा सांगते की लग्न ठरवताना जात पाहू नये, पैसे घेऊन मुलामुलीचे लग्न लावू नये. ती जाहिरात देणारा बाप पगडी बांधून, दाढी राखून असतो. त्याचे आचरण पूर्ण समजायचे का?

आणखी एक. मुलीचा जीव घेणाऱ्याला शिखांच्या आचारसंहितेत "कुडीमार" म्हणतात, त्याच्याशी संबंध ठेवू नये असे लिहिले आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांमध्ये शिखांत दर हजार मुलग्यांमागे मुली ७८६ निघाल्या. सगळ्या धर्मांत सर्वांत कमी. त्याच वर्षी अकाल तख्ताने गर्भातल्या मुलीला मारण्याविरुद्ध हुकूम काढला. २०११ ला आकडा ८२८ वर आला. म्हणजे सांगितले, समजावले तर फरक पडतो. आपण फार हुरळून जाऊ नये. त्याच २०११ ला आपल्या बीड जिल्ह्यात ८०७ होत्या. सांगायचे ते हे, की केस राखले आणि पोटातली पोरगी मारली तर रहित पाळली असे म्हणता येत नाही.

कायद्याने यातले काय सुटले? २००९ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने निकाल दिला की केस राखणे हे शीख धर्माचे मूलभूत अंग आहे. तो वाद मेडिकल कॉलेजातल्या शिखांच्या राखीव प्रवेशाचा होता. २०१६ साली संसदेने कायदा बदलून सहजधारींचा गुरुद्वारा निवडणुकीतला मतदानाचा हक्क काढला. शीख कोण, मतदार कोण, हे कोर्टाने आणि संसदेने ठरवले. असेल, कागदाला त्याची गरज असेल. पण कोर्टाच्या निकालाने कोणत्या घरात संध्याकाळी रहिरास सुरू झाला? दार अरुंद केल्याने आतली माणसे जास्त धार्मिक होत नाहीत, फक्त कमी होतात.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अन्याय केला असे होईल. नांदेड आपल्या महाराष्ट्रात. तिथे १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि माणूस गुरू करण्याची परंपरा बंद करून ग्रंथालाच गुरू केले. मी तिथे तीन-चार वेळा गेलो. लंगरच्या पंगतीत बसलो. माझे नाव कुणी विचारले नाही, गाव विचारले नाही, आणि आपल्या देशात गावानंतर जे विचारतात तेही नाही. गाडीतून उतरलेला शेटजी आणि अनवाणी मजूर एका ओळीत. बाहेर चपला सांभाळणारा माणूस घरचा मोठा व्यापारी होता. सेवा करायला आला होता.

२०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, तिथे लंगर चालले. २०२१ ला करोनाच्या लाटेत माणसे श्वासासाठी तडफडत होती तेव्हा गुरुद्वाऱ्यांनी प्राणवायूचे लंगर लावले. रस्त्यावर गाडीतच रुग्णाला नळी लावून दिली. धर्म विचारला नाही. त्या सेवेत पळणाऱ्या पोरांत केस कापलेलेही होते. मला सांगा, नळी धरून उभा असलेला तो बिनपगडीचा पोर धर्माबाहेर आणि तल्हणचा बहिष्कारवाला आत, हा हिशेब कोणत्या गुरूला पटेल?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. पंजाबातल्या वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाही. चिन्ह हे ओळख आहे, त्यासाठी माणसांनी जीव दिले आहेत, ते टाकून देण्याची गोष्ट नाही. पण चिन्ह हे झाडाचे पान आहे. पाने पिवळी पडली तर शहाणा शेतकरी पाने रंगवीत बसत नाही, मुळाशी पाणी आहे का पाहतो. शिखांच्या मुळाशी आहे संगत आणि पंगत, म्हणजे सोबत बसणे आणि सोबत जेवणे. जिथे ती शाबूत आहे तिथे पोरे अजून येतात. जिथे ती जातीने तोडली, तिथून आधी दलित गेला, दुसऱ्या डेऱ्यात, दुसऱ्या धर्मात. त्याच्यामागून आपली पोरे निघाली. आता त्यांच्या डोक्याकडे बघून रडण्यात काय अर्थ?

आपण विहारात बसून हे ऐकतो आहोत, तर दोन प्रश्न घरी घेऊन जा. वंदना म्हणायला आपण बाहेरून माणूस बोलावतो आणि स्वतः मांडवात गप्पा मारतो, असे आपल्या घरी होते का? आणि पोराने "का?" विचारले तर आपल्याकडे "आपल्यात करतात म्हणून" याच्यापुढचे उत्तर आहे का? नसेल तर या विहारात पुस्तकांचे कपाट आहे, रविवारी वर्ग चालतो. पोराला नुसते पाठवू नका, शेजारी बसा.



जय भीम! नमो बुद्धाय!